केसरबाईंनी सोडलेलं दूध

केसरबाईंच्या मुलाला, रवींद्रला, दूध, अंडी, मटण फार आवडायचं. तो गेल्यावर त्यांनी ते सगळंच सोडलं. बारामती एमआयडीसीत कामाला जाताना लासुर्ण्याजवळ ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली, ते १९९३ साल. निरवांगीच्या बुद्धविहारात जाणत्यांनी समजावलं, "बाई, असले नेम आपल्यात न्हायत."

"नेम न्हाय," केसरबाई म्हणाल्या. "पण खाल्लं तर त्येला इसरंन मी."

तीन-चार वर्षं भाकरी आणि चटणीवर काढली. मग तळपायांची आग होऊ लागली. चुलीवर कालवण ठेवून त्या ओट्यावर जाऊन बसत, तिकडे ते करपून जाई. रडू आलं की थांबत नसे. शेजारची बानूबाई केसरबाईंच्या नवऱ्याला, कचरूला म्हणाली, "भावजी, बाहेरचं हाय ह्ये. इंदापुरात एक बघणारा हाय."

"एवढी वर्सं देव सोडून बसलो, आन आता देवरुशाच्या पाया पडू व्हय?" कचरू खेकसला आणि बायकोला घेऊन बारामतीला गेला.

डॉक्टरांनी रक्त काढून पुण्याला तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला ते म्हणाले, "रक्तात बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व फार कमी झालंय. ते दूध, अंडी, मटणातून मिळतं. नसांना आणि मेंदूला ते लागतं. विसरणं, आग, रडणंसुद्धा, यातलं बरंचसं त्यामुळं असू शकतं."

"आन ऱ्हायलेलं?" कचरूने विचारलं.

"ते दुःख. रक्तात दिसत नाही."

केसरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्येचा आवाज आठवंना झालाय मला. त्यो बी ह्याच्यानंच गेला का?"

कचरूने चमकून पाहिलं. हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"असेल," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनांनी पुढचं थांबेल. गेलेलं किती येईल, सांगता येत नाही."

इंजेक्शनं झाली. पायांची आग शमली, कालवण करपेनासं झालं. दूध मात्र त्यांनी तोंडाला लावलं नाही. एका दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "आवं, कामावनं आला की त्यो मला काय म्हनायचा?"

"आये, पानी दे."

"तसं न्हवं. त्येच्यावानी म्हना."

कचरूने घास ताटात ठेवला, घसा खाकरला आणि जरा चढ्या, कोवळ्या आवाजात म्हणून पाहिलं. केसरबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो तुमचाच हाय. परत म्हना."