काटेवाडीची वांगीवाली

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी आम्ही बारामतीला राहायला आलो. तिथल्या बाजारात काटेवाडीची एक बाई वांगी विकायची. तिच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. लोक तिचा हात लागू देत नसत, म्हणून ती स्वतःच म्हणायची, "पिशवी धरा ताई, वरनं टाकते." वांगी मात्र कोवळी निवडून द्यायची.

एकदा माझी तीन वर्षांची मुलगी तिच्यासमोर ठेच लागून पडली. बाई धावली, वाकली आणि एकदम थांबली.

"उचलू का?" तिनं मला विचारलं.

कोड शिवल्यानं होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी क्षणभर गप्प राहिले.

तिनं हात मागं घेतले. "तुमीच घ्या, ताई. लई रडतीया."

मी मुलीला उचललं. माफी मागायचं तेव्हा सुचलं नाही, आणि पुढं कधी धीर झाला नाही.