पांगाऱ्याचं पाणी बंद

“मॅडम, यंदा होळीला लाकूड विकत आणायचं, की तुमचीच झाडं तोडायची?” साठे साहेबांनी डिसेंबरातल्या मीटिंगमध्ये विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले. साहेब अ‍ॅडमिन मॅनेजर होते आणि बाग त्यांच्याच खात्यात होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या स्टाफ कॉलनीत मी हॉर्टिकल्चर ऑफिसर होते. म्हणजे गुलाब फुलले की कौतुक साहेबांचं आणि फांदी पडली की फोन मला. कॉलनीच्या रस्त्याकडेला कोणीतरी पूर्वी ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या होत्या. हे झाड झटपट वाढतं, बारा महिने हिरवं दिसतं आणि वादळात तितक्याच झटपट आडवं होतं. एक बाभूळ साहेबांच्या गाडीवर आडवी झाली, तेव्हा सगळ्या काढायचं ठरलं.

साहेबांना त्या जागी बॉटल पाम हवे होते. मी पांगारा सुचवला. मी राहायला बदलापूरला. तिकडे हेंद्रेपाड्याचे शेतकरी पांगाऱ्याच्या फांद्या कुंपणाला रोवायचे आणि त्या तिथंच मूळ धरायच्या. थंडी सरता सरता त्याची पानं गळतात, उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं येतात आणि त्यातल्या मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. बॉटल पामवर कोण कशाला येईल?

“पक्षी येतील नक्की?” साहेबांनी विचारलं होतं.

“येतील, सर.”

“बघा हं, शब्द देताय.”

पांगारे लावले. दोन-तीन वर्षांत झाडं वाढली चांगली. उंच, हिरवीगार, भरगच्च. पण फुलाचं नाव नाही आणि पक्षी म्हणाल तर कावळे. म्हणून ती होळीची थट्टा. मीटिंगनंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा कळलं की ती थट्टा नव्हती. “होळीपर्यंत फुलं दिसली तर ठीक. नाहीतर पाम. नर्सरीत बोलून ठेवलंय.”

फुलं का येत नाहीत, ते मला ठाऊक झालं होतं. आमच्या माळ्यांना लॉनची सवय. सकाळी पाइप उघडायचा आणि समोर येईल त्याला भिजवायचं. पांगाऱ्याला मात्र थंडीत ताण द्यावा लागतो. ताण म्हणजे पाणी तोडायचं. तहान लागली की झाड पानं टाकतं आणि फुलायच्या मागे लागतं. पाणी मिळत राहिलं तर पानंच मिरवत बसतं. मी त्याच दिवशी पांगाऱ्यांचं पाणी बंद करायला लावलं.

जानेवारीत मागच्या भिंतीकडची झाडं पिवळी पडून गळायला लागली. साहेबांच्या बंगल्यासमोरची मात्र जशीच्या तशी हिरवी. बुंध्याशी हात लावला तर माती ओली! माळ्याला झापलं. तो म्हणाला, “आमी नाय टाकला पानी, बाय. आईशप्पत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले. साहेबांचे वडील, अण्णा, बादली घेऊन पांगाऱ्याशी उभे होते.

“अण्णा, हे काय?”

“अगं, तुझे माळी ढुंकून बघत नाहीत यांच्याकडे. मागची वाळली बिचारी. निदान आमच्या दारची तरी जगू देत.”

अण्णांचा जन्म गेला गिरगावच्या चाळीत. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नव्हता. इथं आल्यापासून त्यांना तेवढंच एक काम उरलं होतं, आणि ते मी काढून घ्यायला आले होते. मला फार वाईट वाटलं. शिवाय ते साहेबांचे वडील.

मी ताण म्हणजे काय ते समजावलं.

“म्हणजे उपाशी ठेवायचं?”

“उपास, अण्णा. तुम्ही एकादशी करता ना?”

“एकादशीला पाणी चालतं.”

“मग ही निर्जळी समजा.”

अण्णांनी बादली खाली ठेवली. “आणि मेलं तर?”

“तर मी नोकरी सोडीन.” हे मी उगाच म्हटलं, पण अण्णांवर त्याचा परिणाम झाला.

पाणी थांबलं. पानं गळली. समोरच्या झाडांचे नुसते खराटे झाले. साहेब भेटले की म्हणायचे, “अण्णा नीट जेवत नाहीत. तुम्ही झाडं मारलीत म्हणतात.” मी मान डोलवायचे आणि ते गेले की नखाने साल खरवडून बघायचे. आतून हिरवी असली की झाड जिवंत. 

होळीच्या आधी थोडेच दिवस ऑफिसातला इंटरकॉम वाजला. अण्णा कुजबुजत होते. “मुली, ये लवकर. आणि स्कूटर लांब लाव.”

जाऊन पाहिलं तर फांद्यांच्या टोकांना लाल फुलांचे झुबके! साळुंक्या भांडत होत्या, बुलबुल मधेच घुसत होते आणि शेंड्यावर एक कोतवाल सगळ्यांना दम देत होता. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. साहेब शेजारी उभे, अर्धवट बांधलेल्या टायमध्ये, ऑफिसला उशीर झालेला विसरून. मला रडूच आलं.

कॉलनीची होळी दरवर्षी या पांगाऱ्यांजवळच्या कोपऱ्यावर पेटायची. त्या वर्षी नोटीस लागली: होळी बॅडमिंटन कोर्टामागे, धुराचा पक्ष्यांना त्रास होतो. खाली सही साठे साहेबांची. लाकूड विकत आणलं. पामचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर मी बऱ्याच बागा केल्या. नव्या बागेत गेले की आधी नळ कुठे आहे ते बघते, आणि मग साहेबांचे वडील कुठे बसतात ते.