‘बरंच झालं’ म्हणणारे पाद्रीसाहेब

बातमी अकोल्याहून आलेल्या गाडीवानानं आणली. मी ओसरीवर पानाला चुना लावत होतो. त्यानं रस्त्यातूनच हाळी दिली, “मुन्शीजी, तुमचे पाद्रीबाबा गेले नं! तापानं. शेवटपावतर हासूनच राहिले होते म्हन्ते.” पान हातात तसंच राहिलं. खरं सांगतो, आधी दुःख झालं नाही, संताप आला. म्हटलं, मरतानाही हसलाच का हा माणूस! आज दीड महिना झाला, तो संताप काही उतरत नाही.

साहेबांना मराठी शिकवायला मला नेमलं, त्याला सहा वर्षं झाली. सातासमुद्रापलीकडून ते बायकोला घेऊन अमरावतीस आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात बाई गेल्या. लोक त्यांना बघून पोरं घरात ओढत, हा बाटवायला आला म्हणत. सहा वर्षांत त्यांच्या धर्मात एक माणूस गेला नाही, पण ताप आला की सगळे त्यांच्याचकडे कोयनेल मागायला येत. साहेबांनी मराठीतला एक शब्दप्रयोग मात्र असा उचलला, की मी तो शिकवला म्हणून स्वतःला दूषणं देतो. छप्पर गळलं, “बरंच झालं मुन्शीजी, पाणी घरपोच आलं.” प्रवचनाला एक म्हातारा आणि एक बकरी एवढेच श्रोते, “बरंच झालं, दोघांनाही नीट ऐकू गेलं.” बाई गेल्या त्या दिवशी तेवढे ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू! माझा स्वभाव कुरकुऱ्या. अशा माणसाच्या शेजारी दिवस काढणं म्हणजे काय, हे माझं मला ठाऊक.

पुढे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडच्या कापसाची गरज लागली. जिकडेतिकडे कापूसच कापूस, ठेवायला जागा पुरेना. साहेबांचा दवाखाना एका शेटच्या कोठारात होता. सात-आठ आजारी माणसं तिथं पडून असत. ते कोठार हंगामापुरतं रिकामं होईल का, विचारायला शेटचा दलाल आला. मी नेमका जेवायला घरी गेलेलो. आमच्याकडे सौद्याचा आकडा तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, जितकी बोटं तितका आकडा. दलालानं रुमाल पुढे केला आणि साहेबांना उमगणार नाही अशा भराभर बोलीत विचारलं, किती महिने? साहेबांची समजूत, गृहस्थ हात मिळवायला आला आहे, थंडीनं हात झाकलाय एवढंच! त्यांच्या देशाच्या रीतीप्रमाणे त्यांनी आनंदानं रुमालाखाली हात घालून त्याचा सगळा पंजा दाबला. पाच बोटं... पाच महिने. मी परतलो तर आजारी माणसं अंगणात आणि कोठारात कापसाच्या गाड्या रिकाम्या होताहेत.

दलालाला गाठलं. तो म्हणाला, “मी काही जबरी केली काय? त्याईनंच पंजा दाबला. पाच म्हन्जे पाच.” मी साहेबांना म्हटलं, तुमच्याच देशाचा अंमलदार इथं बसलाय, चार ओळी लिहा, उद्या कोठार परत मिळेल. साहेब म्हणाले, “मुन्शीजी, आमच्याकडेही हात दिला म्हणजे शब्द दिला. समजून दिला नाही, ही माझी चूक. आणि चिठ्ठीनं जागा मिळवली, तर लोक मला पाद्री म्हणतील की सरकार?” आणि वर तेच, “बरंच झालं, मोकळी हवा मिळेल.” मोकळी हवा! पौषातली! सखूबाई माळणीची पोर तापानं फणफणलेली, लिंबाखाली घोंगडीत कुडकुडत होती. सखूबाई त्यांच्या अंगावर धावूनच गेली, “पाद्रीबाबा, काहून हासून राहिले तुमी? माही पोरगी मरून राहिली नं इथं!” साहेब खाली वाकले. पोरीला उचललं आणि अंगणापलीकडच्या आपल्या एकुलत्या खोलीत, आपल्या खाटेवर नेऊन निजवलं. मागोमाग बाकीची माणसंही आत घेतली. पाच महिने ती खोली आजाऱ्यांची, आणि साहेब लिंबाखाली. पोर वाचली. साहेबांना मात्र तिथं तापानं धरलं ते कायमचं.

तशाच अंगानं ते दोन महिन्यांमागे अकोल्याला निघाले, तिकडे तापाची साथ होती म्हणून. मी आडवा आलो, भांडलो. शेवटी म्हणालो, “मरायचंच असेल तर खुशाल मरा, मी पोचवायला येणार नाही.” आणि गेलो नाही... हे शब्द मला आता जन्मभर पुरतील.

गेल्या आठवड्यात त्यांचं सामान आवरायला खोली उघडली. सखूबाई झाडायला आली होती. दाराआडच्या भिंतीवर, चुन्यात, पंजाएवढा तेलकट काळा डाग दिसला. मी वैतागून म्हणालो, “झाडलंत तेव्हा हे नाही का पुसता आलं?” ती म्हणाली, “तो डाग नाई मुन्शीजी. पोरगी इथं निजली होती, तिनं पाह्यलं. रोज पहाटे, बाकीचे झोपून असत तवा, दवाई घ्याले येत, दार लोटत, अन् तिथं कपाळ टेकवून रडत. मंग तोंड पुसत अन् हासत बाहेर जात. पोरीले सांगितलं होतं, मुन्शीजीले सांगू नोको, ते लय चिडतेत.”

सहा वर्षं मी त्या माणसाला बावळट समजत आलो.

सखूबाई गेल्यावर मी दार लोटलं. बाहेर ओट्यावर तापाची चार माणसं येऊन बसलेली, कोयनेल कुठं ठेवलेलं असतं ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी भिंतीपाशी गेलो. साहेब चांगलेच उंच होते. टाचा उचलून पाहिल्या, तरी माझं कपाळ तिथवर पोचेना. मग डागावर हात ठेवला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि औषध घेऊन बाहेर आलो. हसायला मला अजून जमत नाही.