माझा मेहुणा आणि न मरणाऱ्या पेशी

सुधीरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला आमच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होतो. हात पुसले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला फोटो शोधू लागलो. हा माणूस कधी फोटोला उभा राहायचा नाही. मिळाला तो आमच्या लग्नातला, शेजारी मी. मला कापलं, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि पाठवून दिला. रोह्याहून चुलत सासऱ्यांचा लगेच फोन, “पाव्हणं, फोटोत तुमचा कान राहिलाय.” राहिला होता खरा. उजवा, वर अक्षता अडकलेला. ज्याचं मी आयुष्यभर एक ऐकलं नाही, त्याच्या श्रद्धांजलीत माझा नेमका कानच असावा... असो.

दादा म्हणजे माझ्या बायकोचा, वैशालीचा, थोरला भाऊ. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तसं ठरवलं तर हा लेख इथेच संपवावा लागेल. रोह्याजवळच्या अष्टमी गावी त्यांच्या घरी मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा बाकीचे पोह्यांत गुंतले असताना यानं विचारलं, तुम्ही करता काय? म्हटलं, गणपतीचा कारखाना आहे. “म्हणजे तुम्ही वर्षभर बनवता आणि लोक दहा दिवसांत बुडवतात,” तो म्हणाला. “आमच्याकडे असं झालं तर नोकरी जाते.” त्याच्या आईनं, माईंनी, त्याच्या पाठीत धपाटा घातला म्हणून लग्न जमलं.

तो मुंबईकडे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होता, कॅन्सरवर औषध शोधत होता. पण सरळ वाटेनं जाईल तर दादा कसला! हे त्यानं मला एकदाच समजावलं, आमच्या फाटकाशी उभं राहून. शरीरातल्या पेशीची वेळ झाली की तिला ‘आता आवर’ असा निरोप येतो आणि ती निमूट आवरते. कॅन्सरची पेशी तो ऐकत नाही. पुष्कळशी औषधं तोच निरोप जास्त मोठ्यानं देतात, काही दिवसांनी ती त्यांनाही निर्ढावते. म्हणून दादा तिला मारायची दुसरी वाट शोधत होता. पेशीत थोडं लोखंड असतं. गंज थोपवायची तिची ताकद काढून घेतली, की त्या लोखंडापायी तिच्या आवरणातली चरबी सडते आणि ती फुटते. निरोप ऐकण्या-न ऐकण्याचा प्रश्नच नाही. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं सोललेल्या फाटकावर नख मारत तो म्हणाला, “हे असं. तुम्ही बसा वरून रंग मारत.” मला सगळं समजलं, पण लक्षात राहिला तो फाटकाचा अपमान.

पुढे माईंनाच कॅन्सर झाला, स्वादुपिंडाचा. केमोनं आधी साथ दिली, मग दादा म्हणाला होता तसंच झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आम्ही त्यांना पेणला आणलं. वैशालीनं दादाला बोलावून घेतलं आणि म्हणाली, तुझं ते औषध दे. तो नाही म्हणाला. ते अजून उंदरांवरच चाललं होतं, माणसाच्या मूत्रपिंडांचं त्यानं काय होईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी एकेरीवर आलो.

“उंदरांना देतोस आणि आईला नाय?”

“उंदीर मेला तर का मेला ते मी लिहून ठेवतो, पाव्हणं. आई मेली तर काय लिहू?”

चहाही न घेता गेला. नंतर नुसते फोन. रिपोर्टातले आकडे विचारायचा आणि ठेवून द्यायचा. माई संध्याकाळ झाली की म्हणायच्या, “सुधीर आला काय गो?” तो आला तो थेट त्यांना खांदा द्यायला.

त्या वर्षापासून वैशालीनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायला सुरुवात केली. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, भाऊ धडधाकट असताना. एकदा दादा आला, नेमका त्याच वेळी. अंगणात बायको ताट घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी. तो फाटकाबाहेर थांबला, तिचं ओवाळून होईपर्यंत, आणि वळून गेला. मी हाक मारली नाही. आजही मारणार नाही.

यंदा हृदयविकारानं तो गेला. तेराव्याला त्याच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून कळलं, की आम्ही मागितलेलं ते औषध माईंच्या पाठोपाठच बंद पडलं होतं. उंदरांची मूत्रपिंडं निकामी होत होती. दादानं पुन्हा मुळापासून सुरुवात केली, त्याच वाटेवर, दुसरं औषध घेऊन. ते अजून पुरं झालेलं नाही. भटजींचे उच्चार भर मांडवात सुधारणारा हा माणूस आपलं खरं ठरलं हे सांगायला मात्र आमच्या दारी आला नाही. मला त्याचाच राग आला. सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

हे लिहायला बसलो तेव्हा वैशाली भाजी निवडत होती. विचारलं, दादाचं बरोबर होतं असं लिहू का?

“लिहा. औषध नाय दिलंन, बरोबरच केलंन,” ती म्हणाली. “पण आईचे पाय चेपायला काय आधी उंदरांवर प्रयोग करावा लागतो?”