केतकीला मी सोपी गाणी दिली

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, आईलाही नाही. अकरा वर्षं झाली. मध्ये एकदा आईला सांगायचं ठरवून फोन लावला होता — आणि विचारलं काय, तर येताना मेतकूट आणशील का म्हणून.

तुम्ही म्हणाल, असं काय केलंस? गाण्यांची गोष्ट आहे. कॅराओकेची. कुणी मेलं नाही, कुणाचं घर मोडलं नाही. मीही स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आले.

मी मूळची नागपूरची. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला चिप डिझाइनमध्ये नोकरी करते. लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले, मग दहावी आली, बारावी आली आणि ते राहिलं ते राहिलंच. आमच्या टीममधल्या युको नावाच्या जपानी बाईमुळे मला तिकडच्या एका पॉप गायिकेचा नाद लागला. काय आवाज! गाणं सुरू करताना ती कानाशी बोलल्यासारखी गाते, आणि शेवटी अशी चढत जाते की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. जपानी अक्षरं मी शिकले ती तिच्यासाठी.

शनिवारी दुपारी आम्ही ऑफिसमधले चार-पाच जण एका मॉलमागच्या कॅराओकेच्या खोलीत जमायचो. तिथे मी ‘गाणारी’ होते. पण गायचे काय? तर त्याच गायिकेची सोपी गाणी. तिची काही संथ, खालच्या सुरांतली गाणी आहेत, ती कुणालाही जमतात. तीही मी मशीनवर पट्टी दोन पायऱ्या उतरवून घ्यायचे — आडोसा करून, कुणाला दिसू नये म्हणून. आणि वर ऐटीत म्हणायचे, "तिचा खरा भाव या शांत गाण्यांतच आहे." सगळे माना डोलवायचे. भाव कसला? मोठी गाणी मला झेपत नव्हती, बस.

मग केतकी आली. माझी मावसबहीण, नऊ वर्षांनी लहान. पुण्याहून व्हिसावर इकडे आली आणि पहिले तीन महिने आमच्याकडेच राहिली. हॉस्टेलमध्ये जपानी कार्टून बघून बघून ती भाषा शिकलेली. ताई म्हणेल ते प्रमाण मानणारी पोरगी — हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एका रविवारी आम्ही दोघी गाडीतून भाजी आणायला चाललो होतो. मी ड्राइव्ह करत होते. त्या गायिकेचं सगळ्यात अवघड गाणं लागलं आणि केतकी सहज, खिडकीबाहेर बघत, बरोबर गायला लागली. शेवटचा चढ आला. मला वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही. वर गेली, आणखी वर गेली, आणि तिथे आवाज पातळ न होता उलट भरत गेला. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याबरोबरच हेवाही वाटला — हे कसं सांगू? सहा वर्षं गुरुजींसमोर बसले मी, आणि देणं हिला?

गाणं संपलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे बघत म्हणाले, "छान गं. पण वर गेल्यावर चिरकतेस जरा."

"खरंच? मला कळलंच नाही."

"स्वतःला कळत नाही गं ते."

इतकं सोपं होतं. एक वाक्य. तिनं मान हलवली आणि पुढे भाजीच्या दुकानापर्यंत नुसतं गुणगुणत राहिली.

त्यानंतर शनिवारी केतकीही आमच्यात यायला लागली, आणि गाणी निवडायचा टॅबलेट माझ्याच हातात असायचा. केतकीच्या नावापुढे मी सगळी सपाट गाणी टाकायचे. लोक म्हणायचे, गोड गाते हं तुझी बहीण. गोड — तो शब्द मला चालत होता. आणि ती? माझी ती पट्टी उतरवायची लपवाछपवी तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली होती. कुणाला काही न बोलता, माझी पाळी आली की ती स्वतःच हळूच दोन वेळा बटण दाबून ठेवायची, मला मशीनकडे वळावं लागू नये म्हणून. तुम्हीच सांगा, अशा माणसाचा राग येतो का कुणाला? मला यायचा. तिनं बटण दाबलं की तळपायाची आग मस्तकात जायची.

वसंतात इकडच्या जपानी मंडळींचा मेळा असतो. युकोनं आमची दोघींची नावं गाण्याच्या स्पर्धेत दिली. आठवड्याभरानं केतकीनं मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. ते अवघड गाणं. ती तोवर स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली होती, आणि आवाज घुमतो म्हणून तिथल्या लॉन्ड्री रूममध्ये गायली होती. मागे ड्रायरचा घरघराट. खाली मेसेज — ताई, खूप प्रॅक्टिस केलीय, आता तरी चिरकतं का? तू म्हणशील तर हेच गाते.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकताना फोनवर सूर तपासायचं ॲप लावलं. का लावलं? चूक सापडावी म्हणून. सापडली असती तर मी आज हे लिहीत नसते. काटा शेवटच्या सुरावर मधोमध उभा राहिला, हललासुद्धा नाही.

मी लिहिलं, ‘मनापासून सांगू? शेवटी सूर उतरतोय अजून. स्टेजवर हसं होईल. ते संथवालं घे.’

दोन मिनिटांनी उत्तर आलं. ‘बरं झालं तुला विचारलं.’

मेळ्यात ती ते संथ गाणं गायली. लोकांनी रीतसर टाळ्या वाजवल्या. मीही तसलंच एक गायले आणि माझा तिसरा नंबर आला — चहाचा एक डबा मिळाला. केतकी धावत आली आणि मला मिठी मारून अक्षरशः उड्या मारत होती. मी तिच्या खांद्यावरून युकोकडे बघत हसत होते.

पुढे केतकीनं लग्न केलं, मिशिगनमध्ये ॲन आर्बरला गेली. गाणं हळूहळू सुटलं. मी कधी विचारलं नाही, आणि तिनं कधी तक्रार केली नाही.

मागच्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेले होते. बाहेर गुडघाभर बर्फ, दुपारी आठ-दहा जण जेवायला आलेले. जेवणं झाल्यावर तिचा नवरा म्हणाला, "केतकी, एक गाणं होऊन जाऊ दे. हिची आई सांगते, कॉलेजात हिचं गाणं ऐकायला वर्गाबाहेर पोरं उभी राहायची."

केतकी ताटं उचलता उचलता हसली. "नाही रे, मला वरचे सूर नाहीत. तेव्हा कुणी खरं बोललंच नाही. ताईनं सांगितलं, एकटीनं. नाहीतर भर स्टेजवर शोभा झाली असती माझी." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाली, "असं तोंडावर सांगणारं माणूस लागतं आयुष्यात."

सगळे माझ्याकडे आदरानं बघायला लागले. एक काकू म्हणाल्या, "हल्ली कोण सांगतं हो खरं?"

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? वाटीतली खीर संपवली.

आणि आता शेवटचं, ज्याच्यासाठी इतकं लिहिलं. ती ‘मला वरचे सूर नाहीत’ म्हणाली ना, तेव्हा माझ्या मनात आधी लाज आली नाही. आधी आला सुटकेचा निःश्वास — की चला, आजही ती गाणार नाही.

लाज नंतर आली. विमानात.