सायकलच्या ट्यूबचा हात

कडबाकुट्टीच्या यंत्रानं माझा उजवा हात कोपराखाली नेला, तेव्हा लेक तीन महिन्यांची होती. जखम भरली आणि सासूनं निकाल दिला, "एका हातानं लेकराला न्हाऊ घालणं व्हायचं न्हाई. थोरलीच सांभाळील आता." माझ्या डोळ्यांदेखत लेक थोरल्या जावेकडे गेली. जाऊ वाईट नव्हती, पण लेक माझी होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परभणीच्या शिबिरात फुकटचा लाकडी हात मिळाला. टणक, आणि वर गोरापान! मी काळीसावळी. लेकीला त्याचा टेका दिला की ती कळवळायची, आणि किती दाबलं हे मला कळायचंच नाही. शेवटी त्याचा पट्टा तुटला. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद, त्यामुळे दुरुस्तीला नेता येईना. मी तो खुशाल माळ्यावर फेकला.

एसट्या सुरू झाल्यावर जिंतूरला माहेरी गेले. वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूबला एकाच बाजूनं पॅच लावत गेलं की हवा भरल्यावर ती त्या बाजूला वळते, हे मी लहानपणी बोलणी खाऊन शिकले होते. आता तीच चूक मुद्दाम केली. ट्यूबची तीन बोटं केली, पॅच तळव्याच्या बाजूनं लावले, बोटं थोट्या हाताला बांधली, सायकलच्या भोंग्याचा रबरी गोळा त्याच काखेत धरला आणि मध्ये बारीक नळी जोडली. काख दाबली की बोटं वळायची.

"लोक हसतील की गं," वडील म्हणाले.

"हसू द्या. लेक त्यांची हाय का?"

सरावाला अंडी उचलून पाहिली. पहिली चार फुटली. पाचव्याला कळलं, बोटांना काही लागलं की हवा मागं येते आणि गोळा काखेत उलटा दाबतो. मग अंडी फुटायची थांबली.

सासरी आले ती थेट अंगणात पाय पसरून बसले. "आणा माझी लेक."

"पडली म्हंजे?" सासू म्हणाली.

"पडली तर मला घराबाहेर काढा. आधी द्या तर!"

जावेनं लेक माझ्या पायांवर ठेवली. रबरी बोटं तिच्या दंडाला, डाव्या हातात तांब्या. साबणानं ती निसटायला लागली तसा काखेतला गोळा सैल पडला. मी लगेच काख आवळली. मग तिला पालथं केलं, बोटं छातीखाली घातली. काखेत काहीतरी हळूच फुगायला आणि बसायला लागलं. लेकीचा श्वास होता तो. मला रडू आलं, पण मी तांब्या खाली ठेवला नाही.

सासूनं पंचा आणला आणि लेक घ्यायला हात पुढं केले.

"पंचा द्या आत्याबाई," मी म्हणाले, "लेक न्हाई मिळायची."