शिकारपूर काढणार नाही

सुजाता गेल्याचं तिच्या आईनेच फोनवर सांगितलं. बदलापूरच्या घरी मी सकाळचा चहा गाळत होते. "आपली सुजा गेली गं... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. दीड महिना होत आला, पण माझं मन अजून ते मानायला तयार नाही.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. तिचे वडील अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. घरात बुद्धवंदना आणि वर्तमानपत्र, दोन्ही मोठ्याने वाचली जायची. माणूस देशाला आपला कधी म्हणतो, मत देताना त्याच्या मनात काय असतं, हा तिचा आयुष्यभराचा अभ्यास. नोकरीच्या मुलाखतीत एकाने विचारलं होतं, "तुम्ही तुमच्या समाजावर काम का करत नाही?" ती शांतपणे म्हणाली, "देश हाच माझा समाज आहे, सर. तुमचा नाही का?"

काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी तिने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीत, घरोघर, दुकानोदुकानी मुलाखती घेतल्या. मीही बरोबर असायचे. 'देश म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं?' हा तिचा नेहमीचा प्रश्न. एका म्हाताऱ्या सिंधी शिंप्याने मशीन थांबवलं आणि तो म्हणाला, "शिकारपूर का घर. मैंने देखा नहीं, अम्मा ने दिखाया... बातों में." पंधरा ऑगस्टला दुकानावर झेंडा लावणारा हाच माणूस. सुजाताने अहवालात दोन्ही लिहिलं, अर्थात नाव न देता. संस्थेच्या संचालकांनी तिला बोलावून घेतलं. "मॅडम, शिकारपूर पाकिस्तानात आहे. तेवढं काढा, उगाच लफडं नको."

"मग झेंडाही काढू?" तिने विचारलं. "माणूस एकच आहे, सर. अर्धा कसा छापू?"

तिने एक ओळही बदलली नाही. अहवाल छापला गेला नाही, पुढचे प्रकल्प बंद झाले, कॉलेजातलं विभागप्रमुखपदही दुसऱ्याला गेलं. तेव्हा तिने कॅम्प दोनमध्येच एका शाळेचा हॉल मिळवला आणि ज्यांनी उत्तरं दिली होती त्यांनाच बोलावून अहवाल वाचायला घेतला. शिकारपूर आलं तशी मागून चार-पाच पोरं ओरडायला लागली, "ऐसा बोलनेवाला है कौन? नाम बताओ!"

"नाव सांगणार नाही. मी शब्द दिलाय," सुजाता म्हणाली. पोरं पुढे सरकली. मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला आणि पुढचं वाक्य वाचलं. तेवढ्यात तो शिंपी खुर्चीला धरून उभा राहिला. "मैंने बोला. तुझा शर्ट कोणी शिवलाय रे? बैठ." पुढचं पोरगं बसलं, मागोमाग बाकीचीही. वाचन शेवटपर्यंत झालं.

शोकसभेत तेच संचालक म्हणाले, सुजाताताई सगळ्यांशी जुळवून घ्यायच्या, वाद त्यांना ठाऊकच नव्हता. मला राहवलं नाही. उभी राहून म्हणाले, "खोटं आहे, सर. ती तुमच्याशी भांडली होती, आणि ती बरोबर होती." त्यानंतर जो बोलायला उठला, तो खरं बोलला.

अंबरनाथच्या तिच्या पुढच्या खोलीत दर रविवारी तिचे विद्यार्थी जमायचे, राजकारणावर कडाकडा भांडायचे. परवाच्या रविवारी गेले तर आईंनी सतरंजी घातलेली, खोली भरलेली. वाद असा चढला की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. सगळे एकदम हळू बोलू लागले. तशा आई आतून बाहेर आल्या.

"आवाज का उतरवला? ती असतानाही भिंत वाजायचीच. बोला."